जुना लोखंडी कूलर: पारख आणि दुरुस्ती

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचतो आणि हवा कोरडी असते, त्यामुळे बाष्पीभवनावर चालणारा जुना लोखंडी कूलर येथे आजही उत्तम काम देतो. दोन जुन्या कूलरांची तुलना रंगावरून करू नये. टाकीचा तळ आणि कोपरे ठोकून पाहावेत, कारण पत्रा आधी तेथेच सडतो. नव्या प्लास्टिकच्या कूलरपेक्षा याचा आवाज मोठा असतो, हे मात्र मान्य करावे.

दुरुस्तीपूर्वी प्लग काढावा. गंज तारेच्या ब्रशने खरवडून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल प्रायमर) लावावे आणि ते पूर्ण वाळल्यावर टाकीला आतून डांबराचा हात द्यावा. पंखा नुसता गुणगुणत असेल, तर मोटर जळाली असे न समजता आधी वायरमनकडून कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा सुटा भाग) तपासून घ्यावा. तो स्वस्तात बदलता येतो. क्षारांनी कडक झालेले वुडवूल (कूलरच्या बाजूंना भरलेला, पाण्याने भिजणारा लाकडाचा भुसा-तंतू) बदलावे आणि पंपाची जाळी धुवावी. अर्थिंग तपासल्याशिवाय कूलर सुरू करू नये, कारण ओल्या लोखंडी पत्र्यात उतरलेली वीज जीवघेणी ठरते.