टॉवेल-चादरीच्या युनिटचं कार्बन उत्सर्जन कमी करायचंय? आधी बॉयलरकडे बघा

सोलापुरात हा विषय निघाला की सगळे छतावरच्या सोलरवर येतात. ऊन भरपूर, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण सूत रंगवणाऱ्या युनिटमध्ये बरंचसं इंधन बॉयलर खातो. तिथली नासाडी आधी थांबवा, खर्चही कमी येतो.

सुरुवातीला बारा महिन्यांची वीजबिलं आणि इंधनाच्या पावत्या काढा. विजेच्या 1 युनिटमागे साधारण 0.7 किलो, डिझेलच्या 1 लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. कोळशाचा आकडा प्रतीनुसार बदलतो. बेरीज दर किलो सुतामागे मांडा. नाहीतर मंदीत काम घटलं तरी सुधारणा झाल्यासारखं वाटतं.

मग स्टीम ट्रॅप तपासा, म्हणजे वाफ अडवून थंड होऊन तयार झालेलं पाणी तेवढं बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह. ट्रॅपच्या तोंडाशी नीट बघा: पाइपातून बाहेर पडताना दोन बोटं अंतरापर्यंत काहीच दिसत नसेल आणि पुढे पांढरा झोत असेल, तर ताजी वाफ वाया जातेय. तोंडापासूनच पांढरी, मंद वाफ निघत असेल तर ट्रॅप बहुधा ठीक आहे. हात लांब ठेवा, न दिसणारी वाफच जास्त भाजते.

रंगाच्या टाकीतल्या कॉइलमधून (वाफेच्या वेटोळ्या नळीतून) निघणारं गरम पाणी गटारात न सोडता फीड टाकीत, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीत, परत आणा. बॉयलरला जाणारं पाणी 30 अंशांवरून 60 वर गेलं, तर इंधन साधारण 5 टक्के वाचतं. दोन गोष्टी इथे बिघडतात. कॉइलला भोक पडलं तर रंग बॉयलरमध्ये जातो आणि पाणी फेसाळतं, म्हणून परतीचं पाणी रोज काचेच्या ग्लासात धरून पाहा. दुसरं, पाणी फार गरम झालं की फीड पंप पाणी ओढत नाही. टाकी पंपापेक्षा बरीच उंच बसवा. रंगाच्या पाण्यातच थेट वाफ सोडणाऱ्या टाक्यांत मात्र हा उपाय चालत नाही. उघडे व्हॉल्व्ह आणि फ्लँजही (पाइपांचे जोड) ग्लासवूलने झाकून घ्या.

एअरजेट माग (हवेच्या झोतावर चालणारे) असतील तर सुट्टीच्या दिवशी माग बंद ठेवून कंप्रेसर चालवा. एकूण वेळेपैकी जितके टक्के वेळ तो लोड घेतो, म्हणजे हवा भरतो, त्याच्या क्षमतेच्या तितके टक्के हवा गळतेय. 10 टक्क्यांवर गेलं की साबणाचं पाणी घेऊन जोड शोधा.

सोलर यानंतर. 1 किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट जागा लागते, दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. जुन्या सिमेंट पत्र्यांवर पॅनल चढवण्याआधी कैच्या (छताला आधार देणारा सांगाडा) तपासून घ्या, आणि कापसाचे तंतू बसलेली पॅनलची काच पहाटेच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते.