बीपी हाताचा घेता, तसा घोट्याचाही घ्या

"वावराच्या धुऱ्यापर्यंत गेलो का पोटरी धरते, बसलो का सुटते." यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या उपकेंद्रात वेचणीच्या दिवसांत हे वाक्य कानावर आलं, की मी घोट्याचाही दाब मोजते. चालताना अशी पोटरी धरणं म्हणजे पायाच्या रोहिण्या, हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या, अरुंद झाल्याची खूण असू शकते. अशा माणसाला हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका जास्त असतो.

आधी दहा मिनिटं उताणं झोपवा. नुकताच खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाल्ला असेल तर अर्धा तास थांबा. फाट्यावरून चालत आलेल्या एका काकाजींचा दाब मी आल्या आल्या मोजला होता. चालल्यावर अशा पायातला दाब आणखी उतरतो. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावं लागलं.

घोट्याची नाडी डॉपलर यंत्राने ऐकायची असते. पण बाळाचे ठोके ऐकायचं डॉपलर इथं कामाचं नाही, ते खोलातलं ऐकतं. ८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, वरवरच्या रक्तवाहिनीचा प्रोब मागवा.

दोन्ही दंडांचा वरचा दाब घ्या. मग पट्टा घोट्याच्या हाडाच्या दोन बोटं वर बांधा. जखमेवर मात्र कधीच नको. पावलाच्या पाठीवर नाडी चाचपा, जेल लावा, प्रोब तिरपा टेकवा. दाबू नका, दाबलात की आवाज जातो. हवा भरत आवाज बंद झाला की आणखी २० भरा आणि अगदी हळू सोडा. आवाज परत आला तो आकडा लिहा. तसंच आतल्या घोट्यामागच्या नाडीवर करा, मग दुसऱ्या पायावर. घाई इथंच होते. बाहेर रांग असली तरी करू नका.

प्रत्येक पायातला मोठा आकडा घ्या आणि त्याला दोन हातांतल्या मोठ्या आकड्याने भागा. पाय १०४, हात १४०, म्हणजे ०.७४.

१.०० ते १.४० ठीक. ०.९१ ते ०.९९ सीमेवर. ०.९० किंवा कमी म्हणजे रोहिणी अरुंद झाली आहे. १.४० च्या वर गेला तर खूश होऊ नका. जुन्या शुगरवाल्यांच्या रोहिणीत कॅल्शियम साचतं, ती पट्ट्याने दबतच नाही, आणि आकडा खोटा चढतो. त्यांच्या पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला मोठ्या दवाखान्यात पाठवा.

०.९० किंवा खाली आलेल्यांना डॉक्टरांकडे धाडताना शुगर आणि चरबीची तपासणी चिठ्ठीत लिहा, आणि खर्रा-बिडी सोडण्याबद्दल त्यांच्या घरच्यांसमोर बोला. बोट काळं पडलं असेल किंवा रात्री पाय बाजेखाली लोंबकळत सोडल्याशिवाय झोपच येत नसेल, तर त्याच दिवशी गाडी करा.