अंडाशयाच्या कर्करोगात जनुक अभिव्यक्तीवरून प्रोग्नोसिस सांगताना या चुका टाळा

पुण्यात गणेशखिंड परिसरातल्या विभागांत आणि शहराभोवतीच्या जैवतंत्रज्ञान महाविद्यालयांत एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात केवळ संगणकावर होणारे प्रकल्प आता नेहमीचे झाले आहेत. त्यांत अंडाशयाच्या कर्करोगात जनुकांच्या अभिव्यक्तीवरून (एखादे जनुक किती सक्रिय आहे, त्यावरून) प्रोग्नोसिस, म्हणजे आजाराची पुढची वाटचाल सांगणे, हा आवडता विषय आहे, कारण टीसीजीए या कर्करोगाच्या गाठींचा जनुकीय अभ्यास करणाऱ्या अमेरिकी प्रकल्पासारख्या प्रकल्पांचा डेटा विनामूल्य मिळतो आणि प्रत्येक रुग्णेच्या जगण्याच्या कालावधीची नोंदही त्याला जोडलेली असते. एखादे जनुक निवडायचे, कॅप्लन-मायर आलेख (काळानुसार किती रुग्ण जिवंत राहिल्या, ते दाखवणारा) काढायचा, पी-व्हॅल्यू (एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आली की ‘नवा बायोमार्कर’ (आजाराची जैविक खूण) असे शीर्षक द्यायचे, असा सर्वसाधारण क्रम असतो. या कामातल्या बहुतेक चुका कोडमध्ये नसतात, तर नळीत नेमकी कोणती ऊती होती आणि ती कोणाच्या शरीरातून कधी काढली होती, हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

‘नॉर्मल’ म्हणजे नक्की काय?

गाठी आणि निरोगी ऊती यांतल्या अभिव्यक्तीची तुलना दाखवणाऱ्या जेपिया या संकेतस्थळावर एखाद्या जनुकाचे नाव टाकले की लाल आणि करड्या रंगाच्या दोन पेट्या समोर येतात आणि त्यांच्याखाली गाठींचे ४२६ नमुने व नॉर्मल ८८ असे आकडे दिसतात. टीसीजीएच्या अंडाशयविषयक आरएनए-सीक्वेन्सिंग (आरएनए वाचून अभिव्यक्ती मोजण्याच्या) संचात नॉर्मल ऊतीच नाहीत. ते ८८ नमुने निरोगी ऊतींच्या जीटेक्स या वेगळ्या प्रकल्पातून घेतलेले आहेत. म्हणजे दोन्ही बाजूंचे नमुने गोळा करण्याची पद्धत वेगळी आहे आणि प्रयोगशाळाही वेगळी आहे. त्याहून मोठी अडचण ऊतीची आहे. निरोगी अंडाशयाचा बहुतांश भाग स्ट्रोमाचा (आधार देणाऱ्या ऊतीचा) असतो आणि एपिथेलियल (आवरण बनवणाऱ्या) पेशींचा थर पृष्ठभागावर जेमतेम एका पेशीइतका जाड असतो. उलट, ज्या हाय-ग्रेड सिरस कर्करोगाचा आपण अभ्यास करतो तो एपिथेलियल असून बहुतांश वेळा बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो, असे आज मानले जाते. त्यामुळे एपकॅमपासून एमयूसी१६ पर्यंत (रक्तात मोजला जाणारा सीए-१२५ हा याच जनुकाच्या प्रथिनाचा भाग आहे) कोणतेही एपिथेलियल जनुक या तुलनेत ‘प्रचंड वाढलेले’ दिसते.

आपल्या जनुकासोबत एपकॅमचाही आलेख काढावा. दोन्ही सारखेच उसळले असतील, तर फरक कर्करोगाचा असण्यापेक्षा पेशींच्या प्रकाराचा असण्याची शक्यता अधिक आहे. टीसीजीएच्या जुन्या मायक्रोअरे (चिपवर अभिव्यक्ती मोजलेल्या) संचात बीजवाहिनीचे ८ नॉर्मल नमुने आहेत. ते थोडे असले, तरी योग्य ऊतीचे आहेत. शिवाय गाठीत जनुक वाढलेले असणे आणि त्यावरून रुग्णेची पुढची वाटचाल सांगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रबंधाच्या प्रस्तावनेतच स्पष्ट झालेले बरे.

एका नावाखाली अनेक आजार

हाय-ग्रेड सिरस, लो-ग्रेड सिरस, एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल आणि म्युसिनस या प्रकारांचा उगम, त्यांतली उत्परिवर्तने आणि केमोला मिळणारा प्रतिसाद वेगवेगळा असतो. टीसीजीएने २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४८९ गाठी होत्या, त्या सर्व हाय-ग्रेड सिरस होत्या आणि त्यांपैकी सीक्वेन्सिंग केलेल्या ३१६ गाठींपैकी ९६ टक्के गाठींत टीपी५३ या जनुकात उत्परिवर्तन आढळले. जिओ या अभिव्यक्तीच्या खुल्या डेटा-भांडारातल्या संचांचे मात्र तसे नसते. ऑस्ट्रेलियातला २८५ नमुन्यांचा जीएसई९८९१ हा संच घ्या: त्यात सिरससोबत एंडोमेट्रिऑइड गाठी आहेत आणि काही बॉर्डरलाइन (आसपासच्या ऊतीत न घुसणाऱ्या) गाठीही आहेत. बॉर्डरलाइन गाठ असलेल्या स्त्रिया बहुधा दीर्घकाळ जगतात. त्यांना न वगळता आलेख काढला, तर बॉर्डरलाइन आणि आक्रमक गाठींना वेगळे करणारे कोणतेही जनुक प्रोग्नोसिस सांगणारे भासेल. म्हणून माहितीतक्त्यातला प्रकार आणि ग्रेड यांचे स्तंभ आधी वाचावेत आणि मगच अभिव्यक्तीची फाइल उघडावी.

गाठीतल्या इतर पेशी आणि शस्त्रक्रिया

टीसीजीएने अभिव्यक्तीवरून चार उपप्रकार सांगितले: डिफरन्शिएटेड, इम्युनोरिॲक्टिव्ह, मेसेन्कायमल आणि प्रोलिफरेटिव्ह. यांतल्या मेसेन्कायमल गटाची खूण असलेली पेरिऑस्टिन, एफएपी, सीओएल११ए१ यांसारखी जनुके मुख्यतः कर्करोगपेशींतून नव्हे, तर आजूबाजूच्या फायब्रोब्लास्टमधून (तंतुमय ऊती बनवणाऱ्या पेशींतून) व्यक्त होतात. ही जनुके वाढलेली असली की जगण्याचा कालावधी कमी दिसतो, हे खरे आहे. त्यावरून ‘कर्करोगपेशी हे जनुक वाढवून आक्रमक होते’ असे लिहिणे मात्र चूक आहे, कारण त्या नमुन्यात कदाचित फक्त स्ट्रोमाच जास्त आला असेल. गाठीच्या कोणत्या भागातून तुकडा कापला, यावरही तो आकडा बदलतो. आपल्या जनुकाचा सीओएल१ए१ या स्ट्रोमाच्या जनुकाशी सहसंबंध पाहावा आणि शक्य असेल तर एकपेशीय सीक्वेन्सिंगच्या खुल्या संचात ते जनुक कोणत्या पेशींत दिसते, तेही तपासावे.

याच्याशीच शस्त्रक्रिया जोडलेली आहे. या आजारात पोटात किती गाठ शिल्लक राहिली, हा प्रोग्नोसिसचा अत्यंत प्रभावी घटक आहे. पोटभर चिकटून पसरलेला, तंतुमय आजार पूर्ण काढणे सर्जनला कठीण जाते, त्यामुळे स्ट्रोमाचे जनुक, उरलेली गाठ आणि कमी आयुष्य या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून कॉक्स मॉडेलमध्ये (जगण्याच्या कालावधीवर अनेक घटकांचा परिणाम एकत्र मोजणाऱ्या सांख्यिकी मॉडेलमध्ये) वय, स्टेज आणि उरलेला आजार हे घटक घेतलेच पाहिजेत. इथे एक फसवी जागा आहे: उरलेल्या आजाराची नोंद अनेक रुग्णांच्या बाबतीत रिकामी असते आणि आर प्रणालीतले कॉक्सचे फंक्शन अशा ओळी न विचारता गाळते. निकालाच्या तळाशी किती निरीक्षणे वगळली, याची एक ओळ छापलेली असते. ती वाचल्याशिवाय दोन मॉडेलांची तुलना करू नये, कारण ती दोन मॉडेल बहुधा वेगवेगळ्या रुग्णांवर चाललेली असतात.

आलेख उलटा किंवा विचित्र आला तर

‘मृत्यूपर्यंतचे दिवस’ हा स्तंभ जिवंत रुग्णांसाठी रिकामा असतो. रिकाम्या ओळी पुसून टाकल्या, की सगळ्या जिवंत स्त्रिया अभ्यासातून बाहेर पडतात आणि आलेख शून्यापर्यंत कोसळतो. त्यांच्यासाठी ‘शेवटच्या भेटीपर्यंतचे दिवस’ घेऊन त्यांना सेन्सॉर्ड (त्या दिवसापर्यंत जिवंत, पुढचे माहीत नाही) म्हणून ठेवायचे असते. मृत्यूचा संकेतांक उलटा पडला आहे का, हे ओळखण्याचा सोपा उपाय असा, की आपले जनुक बाजूला ठेवून आधी स्टेजचा आलेख काढावा. चौथ्या स्टेजच्या रुग्ण दुसऱ्या स्टेजपेक्षा जास्त जगताना दिसल्या, तर विज्ञानात क्रांती झालेली नसून संकेतांक उलटा लागला आहे.

टीसीजीएच्या बारकोडची पहिली १२ अक्षरे रुग्ण ओळखतात. मायक्रोअरेच्या संचावर शोधलेले जनुक त्याच प्रकल्पाच्या आरएनए-सीक्वेन्सिंग संचावर ‘स्वतंत्रपणे पडताळले’ असे लिहिण्यापूर्वी ती अक्षरे जुळवून पाहावीत. बहुसंख्य स्त्रिया त्याच असतात. एक्सेलने जनुकांच्या नावांच्या तारखा करण्याचा प्रकार एवढा पसरला, की २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांची नावेच बदलली. तरीही जुन्या फाइलींत तारखा सापडतात.

कटऑफ आणि पी-व्हॅल्यू

कॅप्लन-मायर आलेख काढून देणाऱ्या केएम-प्लॉटर या संकेतस्थळावर ‘सर्वोत्तम कटऑफ (जास्त आणि कमी अभिव्यक्तीचे गट पाडणारी सीमा) आपोआप निवडा’ असा पर्याय असतो आणि विद्यार्थी तोच दाबतात. सगळे कटऑफ तपासून सर्वात लहान पी-व्हॅल्यू देणारा उचलणे म्हणजे गुण पाहून झाल्यावर उत्तीर्णतेची रेषा ठरवणे होय. अशा वेळी चुकीच्या निष्कर्षाची शक्यता पाच टक्के राहत नाही, ती अनेक पटींनी वाढते. अभिव्यक्तीचे मूल्य सलग संख्या म्हणून कॉक्समध्ये घालावे आणि आलेख केवळ दाखवण्यापुरता मध्यकावर काढावा. वीस हजार जनुके तपासली, तर निव्वळ योगायोगाने हजारभर जनुके ०.०५ च्या खाली येतील, हे गणित तोंडी परीक्षेत हमखास विचारले जाते आणि योग्यच आहे.

बॅच

बॅच म्हणजे एकाच वेळी तपासलेला नमुन्यांचा गट. त्यामुळे होणाऱ्या चुकीचे उदाहरण याच आजारातले आहे. ड्यूक विद्यापीठातल्या गटाने २००७ मध्ये प्लॅटिनम औषधांना मिळणारा प्रतिसाद अभिव्यक्तीवरून सांगता येतो, असा शोधनिबंध प्रसिद्ध केला. एमडी अँडरसन या कर्करोग केंद्रातल्या बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी तोच डेटा पुन्हा तपासून दाखवले, की नमुने कोणत्या बॅचमध्ये तपासले गेले, याची छाया निकालांवर पडली होती. पुढे तो निबंध मागे घेण्यात आला. मायक्रोअरेच्या मूळ फाइलीच्या शीर्षभागात स्कॅनची तारीख असते. ती काढून जगण्याच्या कालावधीशी ताडून पाहणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. बॅच आणि परिणाम पूर्णपणे एकमेकांवर बसले असतील, तर कोणतेही दुरुस्तीचे सॉफ्टवेअर त्यांना वेगळे करू शकत नाही.

पुण्यातल्या नमुन्यांवर पडताळणी करताना

पुण्यातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत या आजारावर जुने काम आहे, डॉ. शर्मिला बापट यांच्या गटाने अंडाशयाच्या कर्करोगातल्या मूलपेशीसदृश पेशींवरचा निबंध २००५ मध्येच प्रसिद्ध केला. त्यामुळे शहरातल्या एखाद्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागातून पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला ऊतीचा तुकडा) मिळवून आपले जनुक तपासावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. नैतिक समितीची परवानगी आणि ब्लॉकमधल्या आरएनएची मोडतोड या अडचणी सर्वांना ठाऊक असतात. ब्लॉक केमोच्या आधीचा आहे की नंतरचा, हा प्रश्न मात्र राहून जातो. टीसीजीएच्या गाठी उपचारांपूर्वीच्या होत्या. आपल्याकडे पुढच्या स्टेजला आलेल्या अनेक स्त्रियांना आधी केमो दिली जाते आणि मग शस्त्रक्रिया होते, म्हणून मोठा, भरपूर ऊती असलेला ब्लॉक बहुधा केमोनंतरचा असतो. केमोने कर्करोगपेशींचे प्रमाण घटते, तंतुमय ऊती वाढते आणि अभिव्यक्ती बदलते. अशा वेळी निदानासाठी घेतलेल्या सुरुवातीच्या बायोप्सीचा छोटा ब्लॉक मागावा, त्यात कर्करोगपेशींचे प्रमाण किती आहे ते पॅथॉलॉजिस्टकडून लिहून घ्यावे आणि केमोआधी व केमोनंतर असा स्तंभ माहितीतक्त्यात पहिल्याच दिवशी उघडावा.