ई-टाइप आणि कॅरेरा आरएस यांची तुलना कशी करावी

जॅग्वार ई-टाइप आणि पोर्श ९११ कॅरेरा आरएस २.७ या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची तुलना करण्यापूर्वी नेमकी कोणती आवृत्ती तोलायची ते पक्के करावे, कारण १९६१ च्या जिनिव्हा प्रदर्शनात अवतरलेली ई-टाइप पुढे तीन मालिकांत ७२ हजारांहून अधिक बनली, तर १९७२ च्या पॅरिस प्रदर्शनातली आरएस एकूण १५८० च बनली. येथे पहिल्या मालिकेतली ४.२ लिटरची ई-टाइप घेतली आहे. १९६४ मध्ये आलेल्या या इंजिनाची जाहीर अश्वशक्ती आधीच्या ३.८ लिटरइतकीच होती, पण टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ताकद) वाढला होता आणि नव्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खरखर न करता बदलू देणारी यंत्रणा) मिळाला होता. चालवण्यासाठी गाडी घेणाऱ्याने म्हणूनच हिलाच पसंती द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

आता कामगिरी. जॅग्वारची २६५ आणि पोर्शची २१० अश्वशक्ती शेजारी मांडून निष्कर्ष काढू नये. पहिला आकडा इंजिनाची पूरक यंत्रणा बाजूला ठेवून मोजलेला आहे, दुसरा जर्मन डीआयएन पद्धतीने, ती सगळी जोडलेली असताना. शिवाय ई-टाइपचे वजन बाराशे किलोच्या वर जाते, तर आरएसच्या हलक्या स्पोर्ट प्रकाराचे ९६० आणि टूरिंगचे १०७५ किलो भरते. त्यामुळे ताशी १०० किलोमीटरचा वेग स्पोर्ट ५.८ आणि टूरिंग ६.३ सेकंदांत गाठते, तर ई-टाइपला साधारण सात सेकंद लागतात. जॅग्वारचा ताशी २४० किलोमीटरचा गाजलेला आकडा पत्रकारांसाठी खास तयार केलेल्या गाड्यांवरचा होता, हेही ध्यानात ठेवावे.

रस्त्यावरचा स्वभाव मात्र आकड्यांत उतरत नाही. ई-टाइपचे लांब सहा सिलिंडरी इंजिन कमी फेऱ्यांवरही गाडी सहज ओढते आणि दूरच्या प्रवासात ती फार सुखद वाटते. आरएसचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढल्यास मागची बाजू बाहेर सरकते. मागच्या झाकणावरचा बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर वेगात मागचा भाग उचलला जाणे कमी करतो, पण हा मूळ स्वभाव बदलत नाही.

संग्राह्यतेत आरएस निर्विवाद पुढे आहे, आणि धोकाही तिथेच अधिक आहे. साध्या ९११ ला स्पॉयलर आणि रुंद मागची चाके लावून केलेल्या प्रतिकृती पुष्कळ असल्याने बाह्यरूपावर मुळीच विश्वास ठेवू नये. चासी, इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी ताडून पाहावेत. जॅग्वारच्या बाबतीत कारखान्याच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या जॅग्वार हेरिटेज ट्रस्टचे प्रमाणपत्र मागावे. त्यातला इंजिन क्रमांक सिलिंडर ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वर आणि सिलिंडर हेडवरही कोरलेला असतो. दोन्ही जुळत नसतील तर हेड बदलले आहे असे समजून किंमत त्यानुसार धरावी.

शेवटी गाडी लिफ्टवर घेऊन खालून तपासावी. ई-टाइपमध्ये दारांखालच्या सिल (बॉडीच्या पोकळ पट्ट्या) आणि पुढची चौकोनी नळ्यांची चौकट आतून गंजते. तिचे मागचे डिस्क ब्रेक डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला) चिकटून असल्याने डिस्क बदलण्यासाठी सहसा मागचे अख्खे सस्पेन्शन उतरवावे लागते, म्हणून त्यांची स्थिती आणि तिथली तेलगळती पाहूनच दुरुस्तीचा खर्च किमतीत मिळवावा.