फ्लूची लस: आधी सासूबाईंना आत बोलवा

गरोदर बाई लशीला 'नको' म्हणते, तेव्हा ते 'नको' पुष्कळदा घरातल्या दुसऱ्याच कुणाचं असतं. म्हणून नवीन आशाताईंना मी पहिलं हेच सांगते, सोबत आलेल्या सासूबाईंना बाकावर ठेवू नका.

परवा एका मावशींनी सुनेचं मनगट घट्ट धरलं होतं. "सिस्टर, पोटातल्या लेकराला काही झालं तर?" मी त्यांना लशीची बाटली दाखवली. यातला विषाणू मेलेला असतो, यानं फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखाद-दोन दिवस कणकण वाटेल. हे लपवू नका. लपवलंत तर ती पुढच्या लशीला फिरकणार नाही. मग म्हटलं, "सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. आईनं घेतली तर तिचं संरक्षण नाळेतून बाळाला मिळतं." मावशींची पकड तिथं सैल झाली.

टोचण्याआधी विचारा: आज ताप आहे का? आधीच्या लशीनं अंगावर गांधी, धाप असं काही झालं होतं? नंतर अर्धा तास बसवून ठेवा, कार्डावर तारीख लिहा. असर यायला दोनेक आठवडे लागतात, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली उत्तम. मागच्या बाळंतपणात घेतलेली आता चालत नाही, विषाणू बदलत राहतो.

आणि लस घेतलेली असो वा नसो, गरोदर बाईला ताप-खोकल्यासोबत धाप लागली, तर काढ्यावर रात्र काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.