खान्देशातली मोठी बाग: काम कधी काढायचं, पक्षी-प्राणी कसे सांभाळायचे

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की आपल्याकडे सगळ्यांना बागेची साफसफाई आठवते. पावसाच्या आधी मोकळं करायचं म्हणून कोयता घेऊन सरळ कुंपणापासून सुरुवात, आणि नेमकं त्याच दिवसांत मेंदीत, बोगनवेलीत बुलबुल, होले, शिंजीर यांची घरटी असतात. त्यामुळे कुंपणाची मोठी छाटणी डिसेंबर-जानेवारीतच उरकून घ्या. आंब्याला मात्र तेव्हा हात लावायचा नाही, मोहराची वेळ असते, त्याच्या वाळक्या फांद्या फळं उतरवल्यावर काढा. उन्हाळ्यात छाटावंच लागलं तर आधी फांद्या हलक्या हाताने बाजूला करून बघा, घरटं दिसलं तर तेवढी जागा सोडा. बुलबुलाची अंडी उबून पिल्लं उडायला साधारण महिना लागतो, तेवढं थांबल्याने बागेचं काही बिघडत नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी पहाटे नाहीतर संध्याकाळीच द्या आणि आळ्यात केळीची वाळलेली पानं, पाचट, जे मिळेल त्याचं आच्छादन जाड टाका, पण खोडाला चिकटवू नका. पक्ष्यांसाठी पसरट मातीचं भांडं, त्यात एक खडबडीत दगड, पाणी रोज बदलायचं. एक भांडं जमिनीवर पण ठेवा, मुंगूस, सरडे येतात. आणि हौदात एक लाकूड तिरपं टाकून ठेवाच, पाणी प्यायला उतरलेली खार गुळगुळीत भिंतीवरून वर येऊ शकत नाही, बुडून मरते. नवीन झाडांचे खड्डे पण याच महिन्यात, 3 फूट लांब-रुंद-खोल खणून उन्हात तापू द्या.

मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून निंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला बसतात. हेच चार-सहा दिवस महत्त्वाचे. अंधार पडल्यावर फांद्या हलवायच्या, खाली पडलेले गोळा करून रॉकेल टाकलेल्या पाण्यात टाकायचे. तेव्हा सुटले की त्यांची अळी पुढे कित्येक महिने मुळं खाते आणि मग लोक जमिनीत औषध ओततात, त्यात गांडुळं पण जातात. याच सुमारास निंबोळ्या पडतात, त्या वेचून सुकवून ठेवा. 50 ग्रॅम निंबोळी कुटून 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळून थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारायचं, मावा आणि लहान अळ्यांना पुरतं. कढीपत्त्यावर, लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते ती फुलपाखराची, मोठ्या झाडावर राहू द्या, चार पानं खाईल. अगदीच लहान रोप असेल तर उचलून मोठ्या झाडावर सोडा.

मोहर फुललेला असताना कीटकनाशक मारू नका, मधमाश्या आणि माश्याच आंब्याचं परागीभवन करतात, त्याच मेल्या तर फळ धरणार कसं?

उंदरांचं विष हा माझ्या मते मोठ्या बागेतला सगळ्यात वाईट उपाय. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, तो पिंगळा किंवा गव्हाणी घुबड उचलतं आणि ते पण मरतं. त्यापेक्षा पिंजरे लावा, जुन्या झाडाची ढोली बुजवू नका, भाजीच्या वाफ्यात काठ्या रोवून पक्षीथांबे करा, कोतवाल आणि वेडा राघू येऊन बसतात, दिवसभर किडे टिपतात. धामण दिसली तर मारू नका, बिनविषारी आहे आणि उंदीर खाते.

पानगळीचा पाला जाळायचा नाही, एका कोपऱ्यात ढीग करा, त्यात बेडूक, सरडे राहतात आणि खत पण होतं. तो ढीग घरापासून लांब ठेवा, उपसताना आधी लांब काठीने हलवा, पायात बूट हवेत, संध्याकाळनंतर तिकडे टॉर्चशिवाय जायचं नाही, कारण घोणस अशाच पाल्यात बसते. ती दिसली तर अंतर ठेवा आणि गावातल्या सर्पमित्राला फोन करा, नंबर आधीच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.