केमिस्ट्रीची रिव्हिजन ग्रुपमध्ये कशी करायची: उत्तर सांगू नका, अडलंय कुठे ते शोधा

परीक्षा दोन महिन्यांवर आली की केमिस्ट्रीचे ग्रुप बनायला लागतात, आणि बऱ्याच ग्रुपमध्ये होतं काय की ज्याला येतं तो बोलत राहतो, बाकीचे ऐकतात, ऐकताना सगळं पटतं, आणि पेपर समोर आला की ज्याला आधीपासून येत होतं त्यालाच येतं. मीही असाच ऐकणाऱ्यांमध्ये होतो. बफरचं गणित मित्राने तीनदा समजावलं, तिन्ही वेळा कळलं, आणि परीक्षेत पहिली ओळसुद्धा सुचली नाही. पुढे आम्ही चौघांनी पद्धत बदलली आणि त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहितोय. शाळेच्या शेवटच्या वर्षांची केमिस्ट्री, म्हणजे मोल, इक्विलिब्रियम, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, ऑरगॅनिक मेकॅनिझम हे सगळं ज्यांना आहे त्यांच्यासाठी हे आहे.

स्टेप १: तीन किंवा चार जण, जास्त नाही

पाचवा आला की एक जण गप्प बसायला लागतो, हे मी प्रत्येक वेळी पाहिलंय. दोघंच असाल तरी चालतं पण दोघांनाही एकच गोष्ट चुकीची माहीत असेल तर पकडणारं कोणी नसतं. सगळे सारख्याच मार्कांचे हवेत असं अजिबात नाही, उलट एकाचं ऑरगॅनिक चांगलं, एकाचं गणित चांगलं, एकाच्या लक्षात रंग आणि टेस्ट राहतात, असा ग्रुप जास्त चालतो.

स्टेप २: सिलॅबस काढून खरं खरं लिहा

पहिल्या दिवशी शिकायचं नाही. सिलॅबसची यादी समोर ठेवायची आणि प्रत्येकाने आपापल्या कागदावर प्रत्येक टॉपिकपुढे तीनपैकी एक खूण करायची: पुस्तक न बघता समजावू शकतो, अर्धवट येतं, येत नाही. "वाचलंय" ही खूण नाही. मग चारही कागद शेजारी ठेवा. ज्या टॉपिकपुढे चौघांचंही "येत नाही" आहे तो ग्रुपमध्ये सोडवायचा नाही, तो शिक्षकांकडे न्यायचा, कारण चौघं मिळून अंदाज बांधत बसलात तर दोन तास जातात. ज्यात एकाला तरी येतं आणि दुसऱ्याचं अर्धवट आहे, ते ग्रुपचं खरं काम.

स्टेप ३: भेटण्याआधी एकट्याने कोरा कागद

हे वगळलं तर पुढचं काहीच चालत नाही. ठरलेला टॉपिक घरी एकदा वाचा, पुस्तक बंद करा, आणि आठवेल ते सगळं कोऱ्या कागदावर लिहा. जिथे पेन थांबलं तिथे गोल करा. तो गोल केलेला कागद घेऊन यायचं, नोट्स नाही.

पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा हे का बरं, तर रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना उतारा दिला, काहींनी तो परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा परत वाचणारे थोडे पुढे होते, पण आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात साधारण ५६ टक्के राहिलं होतं आणि परत वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. म्हणजे वाचून झाल्यावर जे "आलं आलं" वाटतं ना ते पाच मिनिटांचं असतं, आणि पेपर काही पाच मिनिटांनी नसतो.

स्टेप ४: ज्याचं कच्चं आहे त्याने समजावायचं

आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. सगळीकडे ज्याला येतं तो शिकवतो, आपण उलटं करायचं. अर्धवट येणाऱ्याने पेन हातात घ्यायचं आणि मोठ्याने बोलत सोडवायचं, आणि ज्याला येतं त्याने फक्त प्रश्न विचारायचे. उत्तर सांगायचं नाही, "अरे असं नाही" म्हणून वही ओढून घ्यायची नाही. सुरुवातीला हे फार जड जातं, कारण येत असताना गप्प बसणं कठीण असतं.

माझं बफरचं गणित घ्या. ०.१ मोलर ॲसिटिक ॲसिड १०० मिली, त्यात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५० मिली टाकलं, पीएच किती? मी लगेच वीक ॲसिडचा फॉर्म्युला लावला. मैत्रिणीने फक्त विचारलं, "टाकल्यावर भांड्यात आता काय काय उरलंय, मोलमध्ये सांग." मी मोजलं, ॲसिड १० मिलिमोल होतं, बेस ५, म्हणजे ॲसिड ५ उरलं आणि ५ मिलिमोल सॉल्ट तयार झालं, आणि हे बोलता बोलताच कळलं की ॲसिड आणि त्याचं सॉल्ट समसमान आहे म्हणजे हा बफर आहे आणि पीएच म्हणजेच पीकेए (ॲसिड किती स्ट्राँग ते सांगणारा त्याचा ठरलेला आकडा), ४.७६. तिने उत्तराचा एक आकडाही सांगितला नव्हता. ज्याने आधी तीनदा समजावलं होतं तो हुशारच होता, पण माझं अडत होतं ते फॉर्म्युल्यात नाही तर त्याच्या एक पायरी आधी, रिॲक्शन होऊन उरलं काय याचा विचारच मी करत नव्हतो, आणि हे मी बोलल्याशिवाय कोणाला दिसणार कसं?

विचारायला उपयोगी पडणारे प्रश्न साधारण असे: आत्ता भांड्यात काय आहे? या आकड्याचं युनिट काय? हे उत्तर शक्य तरी वाटतं का? असं का? आणि त्याचं उत्तर आलं की परत, म्हणजे नेमकं काय?

"शक्य वाटतं का" हा प्रश्न तर प्रत्येक गणिताला विचारा. कॅल्शियम कार्बोनेट किती तापमानाला फुटायला लागेल, डेल्टा एच (एन्थाल्पीतला बदल) १७८ किलोजूल, डेल्टा एस (एन्ट्रोपीतला बदल) १६१ जूल पर केल्विन, भागाकार केला आणि उत्तर आलं १.१ केल्विन. मुलं ते लिहून पुढे जातात! १.१ केल्विन म्हणजे जवळजवळ ॲब्सोल्यूट झिरो, तसं असतं तर जगात चुनखडी उरलीच नसती. किलोजूलचे जूल केले नाहीत एवढंच झालंय, खरं उत्तर साधारण ११०५ केल्विन, म्हणजे ८३० अंश सेल्सिअसच्या आसपास. तसंच १० चा उणे ८ वा घात इतक्या मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पीएच ८ काढणं. ॲसिड टाकून पाणी बेसिक कसं होईल, इतकं कोणी विचारलं की पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन आठवतात आणि उत्तर ६.९८ येतं.

"म्हणजे नेमकं काय" हा दुसरा. नायट्रोजनची पहिली आयोनायझेशन एनर्जी १४०२ किलोजूल पर मोल आणि पुढच्या ऑक्सिजनची १३१४, कमी का? "हाफ-फिल्ड स्टेबल असतं" हे सगळे म्हणतात. म्हणजे काय? इथे शांतता होते. ऑक्सिजनमध्ये चौथा पी इलेक्ट्रॉन आधीच एक इलेक्ट्रॉन असलेल्या ऑर्बिटलमध्ये जातो, दोघं एकमेकांना ढकलतात, म्हणून त्यातला एक काढायला कमी एनर्जी लागते. हे बोलून दाखवता आलं तर टॉपिक आला.

स्टेप ५: वाद घालण्याआधी प्रत्येकाने आपलं उत्तर लिहायचं

थिअरीच्या प्रश्नांना हे फार छान चालतं. हार्वर्डमधले फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१ पासून वर्गात अशीच पद्धत वापरायला लागले: आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. चार जणांनाही हे जमतं. उदाहरणार्थ, हेबर प्रोसेसमध्ये (नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया) तापमान वाढवलं तर अमोनियाचं काय? बंद वॉल्यूममध्ये आर्गॉन सोडला तर इक्विलिब्रियम सरकेल का? कॅटलिस्ट टाकला तर के, म्हणजे इक्विलिब्रियम कॉन्स्टंट, बदलेल का? प्रत्येकाने हो-नाही आणि एका ओळीत कारण लिहायचं, मगच कागद उघडायचे. आधी न लिहिता बोलायला लागलात तर सगळे पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे जातात.

(पहिल्यात रेट वाढतो पण यील्ड कमी होतं, कारण रिॲक्शन एक्झोथर्मिक आहे, आणि रेट आणि यील्ड यांची गल्लत जवळपास प्रत्येक जण एकदा तरी करतोच. दुसऱ्यात काही होत नाही. तिसऱ्यात के तोच राहतो, के फक्त तापमानाने बदलतो.)

स्टेप ६: ऑरगॅनिक आणि इनऑरगॅनिकला वेगळी पद्धत लावा

मेकॅनिझम बघून येत नाही, हाताने काढूनच येतं. एक कागद मधे ठेवा, एकाने एकच बाण काढायचा आणि कागद पुढच्याला द्यायचा, त्याने पुढचा बाण. बाण काढताना मोठ्याने सांगायचं, कुठून निघाला आणि कुठे पोचला. बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतो, हायड्रोजन आयनपासून नाही, ही चूक कागद फिरवताना लगेच पकडली जाते. एक पूर्ण झालं की रेणू बदला: हायड्रॉक्साइडबरोबर २-ब्रोमो-२-मिथिलप्रोपेन होतं, आता १-ब्रोमोब्युटेन असेल तर? पहिल्यात आधी ब्रोमीन सुटतो आणि कार्बोकॅटायन बनतो, दुसऱ्यात हायड्रॉक्साइड मागच्या बाजूने येतो आणि सगळं एकाच पायरीत होतं, हा फरक स्वतःच्या हाताने काढला की एसएन-वन, एसएन-टू पाठ करावं लागत नाही.

कन्व्हर्जनसाठी मोठ्या कागदावर नकाशा करा, मधे अल्कोहोल, बाजूला अल्कीन, अल्डिहाइड, ॲसिड, हॅलोअल्केन वगैरे. प्रत्येक बाणावर रिएजंट आणि कंडिशन दोन्ही. मार्क कंडिशनवर जातात. प्रायमरी अल्कोहोल आणि ॲसिडिफाइड पोटॅशियम डायक्रोमेट, तोच रिएजंट, पण तयार होणारं अल्डिहाइड लगेच डिस्टिल करून काढलं तर अल्डिहाइड मिळतं, जास्त रिएजंट घेऊन रिफ्लक्स केलं तर कार्बोक्झिलिक ॲसिड. नुसतं "ऑक्सिडेशन" लिहिलं तर तपासणाऱ्याने काय समजायचं?

इनऑरगॅनिक टेस्टसाठी आम्ही "ओळख मी कोण" खेळायचो. एकाने मनात एक सॉल्ट धरायचं, बाकीच्यांनी रिएजंट सांगायचे, त्याने फक्त काय दिसलं ते सांगायचं. सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं, पांढरा प्रेसिपिटेट. जास्त टाकलं, विरघळला. मग मॅग्नेशियम नाही, ॲल्युमिनियम असू शकतं. सिल्व्हर नायट्रेट टाकलं, क्रीम रंग, डायल्यूट अमोनियात नीट विरघळत नाही, कॉन्सन्ट्रेटेडमध्ये विरघळतो, म्हणजे ब्रोमाइड. मनात सॉल्ट धरणाऱ्याला तर सगळ्यात जास्त आठवावं लागतं, म्हणून पाळी फिरवत राहा.

स्टेप ७: पेपर सोडवा आणि एकमेकांचे तपासा

आठवड्यातून एकदा जुन्या पेपरातला एक भाग घड्याळ लावून एकट्याने सोडवा, मग अदलाबदल करा आणि अधिकृत मार्किंग स्कीम असेल तर ती घेऊन तपासा. नियम एकच, कागदावर जे लिहिलंय त्यालाच मार्क, "मला तेच म्हणायचं होतं" चालणार नाही. पाण्याचा बॉइलिंग पॉइंट १०० अंश आणि हायड्रोजन सल्फाइडचा उणे ६० च्या आसपास, का, याला एकाने लिहिलं होतं "पाण्यातले बॉण्ड स्ट्राँग असतात". कुठले बॉण्ड? रेणूच्या आतले की दोन रेणूंमधले? उकळताना आतले ओ-एच बॉण्ड तुटतच नाहीत, रेणूंमधलं हायड्रोजन बॉण्डिंग सुटतं. त्याला हे माहीत होतं पण लिहिलं नव्हतं, आणि दुसऱ्याचा पेपर तपासताना हे जसं डोळ्यात भरतं तसं स्वतःचा वाचताना भरत नाही.

तपासून झालं की चूक एका सामायिक वहीत टाका: प्रश्न, मी काय केलं, अडलं कुठे. बरोबर उत्तर तिथे लिहू नका, कारण तीन-चार दिवसांनी तोच प्रश्न ग्रुपमधल्या कोणीतरी तुम्हाला परत विचारायचाय.

मेसेजवर मदत मागताना

नुसता प्रश्नाचा फोटो आणि "हे कसं करायचं" असं टाकू नका. जिथपर्यंत आलात तो कागद टाका, चुकला असला तरी, आणि कुठल्या ओळीनंतर सुचत नाही ते लिहा. उत्तर देणाऱ्याने पण पूर्ण सोडवलेलं पान पाठवायचं नाही, पुढची एक ओळ किंवा एक प्रश्न पाठवायचा. रात्री उशिरा हे कंटाळवाणं वाटतं, पूर्ण पान पाठवणं सोपं असतं, पण ते पान समोरचा फक्त वाचतो.

आणि ज्याला सगळ्यात जास्त अडतं त्याला कधीही "हे पण येत नाही?" म्हणू नका. एकदा म्हटलं की तो परत मोठ्याने चुकत नाही, मान डोलवायला लागतो, आणि मग त्याचं अडलंय कुठे हे कोणालाच दिसत नाही.

चौघांचंही एकमत झालं तरी

एकमत म्हणजे बरोबर असं नाही. आमच्यात चौघांनाही पक्कं वाटत होतं की आयर्नचा आयन बनताना आधी थ्री-डी ऑर्बिटलमधले इलेक्ट्रॉन जातात, कारण भरताना ते शेवटी भरले. आधी जातात फोर-एस मधले. तीन आठवडे आम्ही एकमेकांना चुकीचंच पक्कं करत होतो. म्हणून दर बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं, ज्यावर वाद झाला ते आणि ज्यावर अजिबात वाद झाला नाही तेही, पुस्तकात उघडून बघा. जे पुस्तकातही कळत नाही ते एका कागदावर लिहा आणि कोण, कोणत्या दिवशी शिक्षकांना विचारणार ते तिथेच ठरवा, नाहीतर तो कागद तसाच राहतो.

शेवटच्या आठवड्यात नवीन टॉपिक उघडू नका. फक्त चुकांची वही, रोज पाऊण तास, प्रत्येकाने दुसऱ्याची चूक विचारायची. पेपरच्या आदल्या रात्री ग्रुप बंद, कोणी कितीही घाबरून मेसेज केला तरी नवीन प्रश्न टाकायचा नाही, फारतर त्याला फोन करा आणि जे त्याला येतं त्यातलंच काहीतरी समजावून द्यायला सांगा.